पानाच्या मागची बाजू

दिवसातून पन्नासेक वेळा तरी मी एफ१२ दाबत असेन. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीतलं शेवटाकडचं बटण. दाबलं की ब्राउझरच्या कडेला एक पट्टी उघडते आणि समोरचं पान ज्या मजकुरातून तयार झालंय तो सगळा मजकूर दिसायला लागतो. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, चौदा वर्षं झाली, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो, चपाती लाटताना हात पिठाच्या डब्याकडे जातो तसा. आणि हे बटण कुणीही दाबू शकतं. पासवर्ड लागत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कारण तो मजकूर आधीच तुमच्या कॉम्प्युटरवर येऊन पडलेला असतो, तो आल्याशिवाय पान दिसणारच नाही. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

ऑक्टोबर २०२१. कोविडमुळे अजून घरूनच काम चालू होतं म्हणून मी वाईला आईकडे होते. आदल्या दिवशी खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा केलेली, झेंडूचं फूल तसंच त्याच्यावर होतं, आणि दसऱ्याच्या सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एका मित्राने क्लिप टाकली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचे गव्हर्नर माइक पार्सन पत्रकार परिषदेत सांगत होते की कुणीतरी शिक्षण खात्याच्या वेबसाइटवरून कमीत कमी तीन शिक्षकांची माहिती घेतली, पानाचा सोर्स कोड, म्हणजे तोच मागचा मजकूर, ‘डीकोड’ केला आणि त्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर बघितले, हा गुन्हा आहे, आम्ही कोल काउंटीच्या सरकारी वकिलांना कळवलंय, हायवे पेट्रोलचं, म्हणजे तिथल्या राज्य पोलिसांचं, डिजिटल पथक तपास करेल आणि या सगळ्याचा खर्च ५ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तो कुणीतरी म्हणजे सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या पेपरचा जॉश रेनो. आणि त्याने जे केलं ते म्हणजे पानाची मागची बाजू बघितली. मी रोज पन्नास वेळा बघते तीच.

ग्रुपवर लोक हसत होते. मला हसू आलं नाही, का ते पुढे सांगते.

आधी नेमकं काय झालं होतं ते बघू. पोस्ट-डिस्पॅच हा जुना पेपर, जोसेफ पुलित्झरने १८७८ मध्ये दोन पेपर एकत्र करून काढलेला. रेनो तिथे डेव्हलपर पण आणि बातमीदार पण. मिसुरीच्या शिक्षण खात्याचं एक पान होतं जिथे कुठल्याही शिक्षकाचं नाव टाकून त्याच्याकडे शिकवायचं सर्टिफिकेट आहे का ते लोकांना बघता यायचं. चांगली सोय होती ती, आपल्या मुलांना शिकवणारे शिक्षक पात्र आहेत का हे पालकांना कळायला हवंच. पण पानावर जेवढं दिसत होतं त्याच्यापेक्षा जास्त माहिती सर्व्हर मागून पाठवत होता आणि त्यात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर होते. हा नऊ आकडी नंबर म्हणजे अमेरिकेतल्या माणसाची बँक, टॅक्स, कर्ज, नोकरी सगळं त्याला बांधलेलं. चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर तुमच्या नावावर कर्ज निघेल आणि तुम्हाला वर्षभराने वसुलीची नोटीस आल्यावरच कळेल.

रेनोने काय केलं ते मला बारकाईने सांगावंसं वाटतं, कारण या बारकाव्यातच सगळं आहे. त्याला ते आकडे दिसले तर त्याने तीनच शिक्षकांना गाठून विचारलं की हा तुमचाच नंबर आहे का. हो म्हणाले. मग मिसुरी विद्यापीठाच्या सेंट लुईस कॅम्पसमधले सायबर सिक्युरिटीचे प्राध्यापक शाजी खान यांच्याकडून खात्री करून घेतली. मग पेपरने शिक्षण खात्याला कळवलं आणि *बातमी थांबवून धरली*. खात्याने ते पान काढून टाकेपर्यंत थांबले, त्यानंतरच छापलं. बातमी हातात असताना थांबणं म्हणजे काय हे पेपरात काम केलेल्या माणसाला विचारा. आणि आमच्या धंद्यात नेमकी हीच रीत आहे, भोक सापडलं की आधी मालकाला गुपचूप सांगायचं, त्याला बुजवायला वेळ द्यायचा, मग जगाला सांगायचं. म्हणजे या माणसाने दोन्ही धंद्यांचे नियम एकाच वेळी पाळले होते.

आता त्या ‘डीकोड’ शब्दाबद्दल. दसऱ्याला दुपारी जेवणं झाल्यावर मी आईला ही गोष्ट सांगत होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका. तिने पहिला प्रश्न विचारला तो, ‘शिक्षकांचे नंबर? किती जणांचे?’ मी म्हटलं लाखाच्या वर. (नंतर पोलिसांच्या रिपोर्टमध्ये आकडा आला सुमारे ५,७६,००० आणि ही चूक २०११ पासून तशीच होती असंही आलं, म्हणजे दहा वर्षं.) मग म्हणाली, पण ते कुलूपबंद होते ना, त्याने उघडले म्हणतायत ना गव्हर्नर? मी तिला समजवायला लागले की अगं एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीने बंद केलेलं, ते वेगळं आणि एन्कोडिंग म्हणजे नुसतं दुसऱ्या चिन्हांत लिहिलेलं, ते वेगळं, बेस६४ नावाची एक पद्धत असते, त्यात माहिती चौसष्ट चिन्हांमध्ये लिहितात कारण काही सिस्टम्सना साधी अक्षरंच नीट पोचवता येतात, त्याला किल्ली वगैरे काही नसते, ती पद्धत माहीत असलेला कुणीही परत वाचू शकतो. बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, ‘म्हणजे त्याने मोडी वाचली, एवढंच ना?’

मी इतक्या वर्षांत नव्या मुलांना ट्रेनिंग देताना हा फरक इतका नेमका कधी सांगू शकले नव्हते. आमच्या घरात पणजोबांच्या नावचं जमिनीचं एक खत आहे, सगळं मोडीत, अक्षर अक्षराला जोडून एका दमात ओढत नेलेलं, आमच्यापैकी कुणालाही एक ओळ कळत नाही. मी लहान होते तेव्हा साताऱ्याला एक म्हातारे गृहस्थ मोडी वाचून द्यायचे, वडील त्यांच्याकडे ते खत घेऊन गेले होते आणि त्यांनी ते पेपर वाचावा तसं घडाघडा वाचून दाखवलं, गट कुठला, हद्द कुठे, साक्षीदार कोण. आम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून ते गुपित होतं का? मोडी ही लिपी आहे, कुलूप नाही. ती ज्याला येते त्याने वाचलं तर त्याने कडी तोडली असं कुणी म्हणणार नाही. मिसुरीत झालं ते असं की सरकारने पावणेसहा लाख शिक्षकांचे नंबर मोडीत लिहून चावडीवर लावले आणि ज्याने वाचून ‘अहो हे काय लावलंय’ म्हणून सांगितलं त्याच्यावर पोलिस सोडले.

पार्सन स्वतः राजकारणात यायच्या आधी शेरीफ होते. त्यांना तांत्रिक भाग कळला नसेल असं मी सुरुवातीला धरून चालले होते, सत्तर टक्के नेत्यांना कळणार नाही आणि तो गुन्हा नाही. पण नंतर जे बाहेर आलं ते वेगळं होतं. मिसुरीत सनशाइन लॉ आहे, आपल्या माहितीच्या अधिकारासारखा, त्याखाली पेपरने सरकारी ईमेल मागवले. त्यात निघालं की शिक्षण खात्याने आधी जे निवेदन तयार केलं होतं त्यात ही गोष्ट लक्षात आणून दिल्याबद्दल पेपरचे *आभार* मानायचे होते. आणि एफबीआयच्या माणसाने पत्रकार परिषदेच्या आदल्याच दिवशी राज्याला सांगितलं होतं की ही काही नेटवर्कमधली घुसखोरी नाही. म्हणजे खात्यातल्या साध्या माणसांना कळलं होतं, एफबीआयला कळलं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून हॅकर हा शब्द आला. ते आभाराचं निवेदन ज्या कुणी टाइप केलं असेल त्याचा मी खूपदा विचार करते. बरोबर वाक्य आधी लिहिलं गेलं होतं हो.

नोव्हेंबरमध्ये खात्याने शिक्षकांची माफी मागितली, त्यांच्या नावावर कुणी कर्ज वगैरे काढत नाही ना यावर लक्ष ठेवायची सोय करून दिली, त्याला सुमारे ८ लाख डॉलर लागणार होते. ५ कोटी नाही. रेनोवरचा तपास मात्र चालूच राहिला. चार महिने. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने सांगितलं की खटला भरणार नाही, पण सांगताना हेही सांगितलं की कायद्याचा भंग झाला असा युक्तिवाद करता येईल. आणि तो खरंच करता येतो, तेच भीतीदायक आहे. मिसुरीच्या कायद्यात एक कलम आहे, परवानगी नसताना कॉम्प्युटर वापरून जाणूनबुजून दुसऱ्या माणसाची माहिती बघणं म्हणजे गुन्हा. परत वाचा. परवानगी कुणाची, कशी द्यायची, सगळ्यांसाठी ठेवलेलं पान उघडलं तर ती परवानगी झाली का, काही नाही. रेनोने नंतर म्हटलं की सुटका झाली पण त्याला आणि त्याच्या घरच्यांना जे सोसावं लागलं ते काही भरून येत नाही. चार महिने घरात जेवताना, मुलांना झोपवताना, दारावर टकटक झाली की काय वाटत असेल.

तर मला हसू का आलं नाही.

२०१९ च्या जूनमध्ये माझ्या भाच्याची ॲडमिशन होती. एका शिक्षण संस्थेचा ऑनलाइन फॉर्म, संस्थेचं नाव सांगत नाही. ताईला कॉम्प्युटरचं जमत नाही म्हणून मी भरून दिला, फोटो चढवला, दाखले चढवले, फी भरली, पावतीची लिंक आली. लिंकच्या शेवटी एक आकडा होता. आणि सवय म्हणा, टेस्टिंगचा हात म्हणा, मी तो शेवटचा आकडा एकने वाढवून एंटर दाबलं. एका मुलीचा फॉर्म उघडला. निळी रिबीन बांधलेली दोन वेण्या घातलेली मुलगी, तिच्या वडिलांचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, त्यावर वर्षाचं उत्पन्न. मी लॅपटॉप फटकन बंद केला. छातीत धडधडायला लागलं, जसं काही मीच चोरी केलीय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या लीडला विचारलं. चांगला माणूस आहे, मला नोकरीत त्यानेच उभं केलं. तो म्हणाला, ‘हे बघ, तुझा हेतू चांगला आहे हे तुला माहितीये, मला माहितीये. पण चौकीत बसलेल्या माणसाला तू कसं सांगणार? ते विचारणार, मॅडम तुम्ही आकडा बदललाच का? मेल करू नकोस. तुझं नाव जाईल.’ आणि मी नाही केला. आज, उद्या, भाच्याची ॲडमिशन होऊ दे मग, असं करत करत राहून गेलं. त्याला काही त्रास झाला तर ही पण भीती होती, खोटं कशाला बोलू. ते भोक बुजलं का उघडंच आहे हेही मला माहीत नाही, कारण बघायचं म्हटलं तर परत तोच आकडा बदलावा लागेल ना.

आमच्या कायद्यात काय आहे ते मी नंतर वाचलं, वकिलाला विचारून नीट समजून घेतलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे त्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरलात, माहिती काढून घेतलीत तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. कलम ६६ म्हणतं, हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलंत तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द आहे म्हणजे माझ्यासारखी शेवटी सुटेल. शेवटी. पण तो हेतू कोर्टात ठरणार, त्याच्या आधी एफआयआर, चौकीच्या चकरा, लॅपटॉप जप्त, कंपनीत एचआरचा फोन, सोसायटीत कुजबुज. चांगल्या हेतूने दोष शोधून मालकाला कळवणाऱ्यासाठी त्या कायद्यात एक ओळसुद्धा सूट नाही.

आणि हे नुसतं मनातलं भय नाही. २०१० सालची गोष्ट आहे, मुंबईशी संबंध असलेली, आता फार लोकांना आठवत नाही. हैदराबादचे इंजिनिअर हरी प्रसाद यांनी ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप खोंग्राइप या दोन परदेशी अभ्यासकांबरोबर आपल्या मतदान यंत्राचा सुरक्षेच्या बाजूने अभ्यास केला, एप्रिलमध्ये निष्कर्ष जाहीर केले. अभ्यासासाठीचं यंत्र त्यांना कुणीतरी नाव न सांगण्याच्या अटीवर दिलं होतं. ते मुंबईतल्या सरकारी ताब्यातून गेलेलं यंत्र निघालं आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादला जाऊन हरी प्रसादना घरून उचललं, गाडीने मुंबईला आणलं. विचारणा एकच, यंत्र कुणी दिलं? नाव सांगा. त्यांनी सांगितलं नाही. आठवडाभराने जामीन झाला आणि जामीन देताना मॅजिस्ट्रेटनीही नोंदवलं की यात अप्रामाणिक हेतू दिसत नाही. मतदान यंत्राबद्दल तुमचं मत काहीही असो, माझा मुद्दा तो नाहीच, त्यांचा निष्कर्ष चूक म्हणा, अपुरा म्हणा, अभ्यासाला उत्तर अभ्यासाने द्या. पण यंत्र तपासणाऱ्याला त्याचा सोर्स कोण विचारणं आणि बातमीदाराला त्याचा सोर्स कोण विचारणं यात मला काडीचा फरक दिसत नाही. दोन्हीकडे आत बसलेला एक घाबरलेला माणूस असतो ज्याने कुणावर तरी विश्वास टाकून दार किलकिलं केलेलं असतं.

मग जानेवारी २०१८, ट्रिब्यून पेपरच्या रचना खैरा. ही तर आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या कार्डाची गोष्ट. व्हॉट्सॲपवरच्या एका एजंटला ५०० रुपये दिले तर दहा मिनिटांत लॉगिन मिळालं आणि कुठलाही आधार नंबर टाकला की त्या माणसाचं नाव, पत्ता, फोटो, फोन दिसायला लागला, आणखी ३०० रुपयांत कार्ड छापायचं सॉफ्टवेअर. छापून आल्यावर आधार प्राधिकरणाने सांगितलं की माहितीची चोरी झालेलीच नाही, तक्रार निवारणासाठी दिलेल्या सोयीचा गैरवापर झालाय. आणि पोलिसांत तक्रार केली, एफआयआरमध्ये त्या बातमीदाराचंच नाव. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने निषेध केला, अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने लिहिलं की तिला बक्षीस द्यायला हवं, मंत्र्यांनी सांगितलं की सरकार वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याला बांधील आहे आणि गुन्हा अज्ञातांविरुद्ध आहे. पण बातमी आल्यावर आठवड्याच्या आत, १० जानेवारीला, प्राधिकरणाने ‘व्हर्च्युअल आयडी’ जाहीर केला, म्हणजे खऱ्या आधार नंबराऐवजी द्यायचा बदलता येणारा सोळा आकडी नंबर. काहीच झालं नव्हतं तर इतक्या घाईने हे कशाला? ती सुधारणा चांगलीच आहे, मी स्वतः वापरते. ५०० रुपये देऊन तो व्यवहार करून बघणाऱ्या बाईमुळे ती लवकर आली असं मला वाटतं, आणि तिच्या वाट्याला एफआयआर आला.

यावर आमच्या ग्रुपमध्येच एकाने मला चांगलं कोंडीत पकडलं होतं. म्हणाला, मग चोर पण असंच म्हणेल, मी फक्त बघत होतो. प्रश्न बरोबर आहे, टाळण्यासारखा नाही. २०१० मध्येच अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या सर्व्हरवर आकडे बदलत बदलत आयपॅडवाल्यांचे ईमेल पत्ते मिळतात असं दोघांना सापडलं, माझ्या भाच्याच्या पावतीसारखंच. त्यांनी स्क्रिप्ट लिहून १,१४,००० पत्ते काढले आणि एका न्यूज साइटला दिले. त्यातल्या ऑर्नहायमरला ४१ महिन्यांची शिक्षा झाली, पुढे २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली पण कारण वेगळंच, खटला चुकीच्या राज्यात चालवला म्हणून. मला त्या माणसाबद्दल आपुलकी नाही. आणि तीन नंबर बघून तीन माणसांना फोन करणारा आणि एक लाख चौदा हजार पत्ते उपसणारा यांच्यात फरक आहेच, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग कायद्याने तोच फरक लिहावा ना. किती घेतलं, घेऊन काय केलं, मालकाला कधी सांगितलं, दुरुस्तीला वेळ दिला का. हे चार प्रश्न कुठल्याही सब-इन्स्पेक्टरला विचारता येतील, त्याला कॉम्प्युटर यायची गरज नाही. त्याऐवजी आपण एकच विचारतो, परवानगी होती का? आणि ज्याने दार उघडं टाकलंय तो कशाला परवानगी देईल, त्याला तर दार आहे हेच माहीत नसतं.

अमेरिकेत हे हळूहळू हलतंय. जून २०२१ मध्ये, म्हणजे पार्सनच्या त्या पत्रकार परिषदेच्या चारच महिने आधी, तिथल्या सुप्रीम कोर्टाने व्हॅन ब्युरेन खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की १९८६ च्या हॅकिंगविरोधी केंद्रीय कायद्यात फाटक उघडं आहे की बंद, एवढंच बघायचं. तुम्हाला जी माहिती उघडायची मुभा आहे ती चुकीच्या कारणासाठी बघितलीत म्हणून तुम्ही हॅकर होत नाही, नाहीतर लाखो साधी माणसं गुन्हेगार ठरतील. (तो व्हॅन ब्युरेन पोलिस होता आणि त्याने पैसे घेऊन गाडीचा नंबर शोधून दिला होता, तो साधुसंत नव्हता, तत्त्वं ठरतात ती बऱ्याचदा अशाच माणसांच्या खटल्यात.) मग मे २०२२ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने धोरण जाहीर केलं की चांगल्या हेतूने सुरक्षेचं संशोधन करणाऱ्यावर खटले भरायचे नाहीत. हे केंद्राचं झालं, राज्यांचे कायदे वेगळे, मिसुरीचं ते कलम त्यांचं त्यांच्याकडे.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे आता दोष कळवायची रीतसर सोय आहे, ही खरंच चांगली गोष्ट आहे आणि फार कमी लोकांना माहितीये. पण दुसऱ्या बाजूने दोर आवळला जातोय. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंड, हे वाचून मला आनंद झाला, ती निळ्या रिबिनीची मुलगी आठवली. पण पत्रकारितेसाठी जी सूट २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत होती ती शेवटच्या कायद्यात राहिली नाही. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं, त्यात आधी होतं की वैयक्तिक माहितीसुद्धा मोठ्या जनहितासाठी देता येईल, ते आता तिथून गेलं. जनहिताची एक सर्वसाधारण तरतूद पुढच्या पोटकलमात आहे, पण ‘वैयक्तिक’ म्हणून अर्ज फेटाळणं कारकुनाला किती सोपं झालं बघा. महाराष्ट्राने माहितीचा अधिकार देशाच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये केला होता, आपल्याला याचं दुःख जास्त व्हायला हवं. मिसुरीत ते आभाराचं निवेदन बाहेर आलं ते अशाच एका कायद्यामुळे. तो नसता तर आजही तिथे लोक म्हणत असते की हॅकर होता.

माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलंय ते हे की या सगळ्या प्रकरणांत पोलिसांना सापडलेली माणसं ती आहेत ज्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. रेनोचं नाव बातमीवर होतं. रचना खैरांचं नाव बातमीवर होतं. हरी प्रसाद कॅमेऱ्यासमोर होते. दहा वर्षं ते मिसुरीचं पान उघडं होतं, त्या दहा वर्षांत आणखी कुणी मागची बाजू बघितली असेल तर त्याने काही शिक्षण खात्याला मेल केला नाही. तो सापडणारच नाही, कारण त्याने सही केली नाही. माझ्या लीडने मला जे सांगितलं, तुझं नाव जाईल, ते किती बरोबर होतं हे मला दसऱ्याच्या त्या क्लिपमध्ये दिसलं म्हणून मला हसू आलं नाही.

आईच्या शाळेत निनावी अर्ज यायचे. अमुक गुरुजी उशिरा येतात, खिचडीचे तांदूळ विकले जातात. बाकीचे मुख्याध्यापक असले अर्ज वरती पाठवायचे किंवा फाडायचे. आई स्वतः जाऊन तांदूळ मोजून यायची, पण मीटिंगमध्ये दर वेळी पालकांना सांगायची की खाली नाव घाला, मी तुमचं नाव कुणाला सांगणार नाही, पण मला कळू दे कोण आहे, म्हणजे मी तुमच्या बाजूने उभी राहीन. मला तेव्हा तो नुसता शिस्तीचा प्रकार वाटायचा. आता वाटतं की तिने अर्धं वाक्य लोकांना मागितलं होतं आणि अर्धं स्वतः दिलं होतं, आणि आपले कायदे फक्त पहिलं अर्धं मागतात.

गेल्या महिन्यात मी वाईला गेले होते. रात्री आई टीव्ही बघत होती, मी लॅपटॉप उघडला आणि सर्ट-इनला मेल लिहायला घेतला, सहा वर्षांहून जास्त उशिरा. संस्थेचं नाव, फॉर्म कधी भरला, लिंक कशी होती, मी आकडा किती वेळा बदलला, एकदा, काय दिसलं, काहीही साठवून ठेवलेलं नाही, त्यानंतर परत उघडून बघितलेलं नाही. आता बंद असेल तर उत्तमच, नसेल तर कृपया बघा. दोन परिच्छेदांना दोन तास लागले. मध्ये एकदा सगळं डिलीट केलं आणि परत लिहिलं.

आईने टीव्ही बंद केला, चष्मा लावून माझ्या मागे येऊन उभी राहिली, सगळं वाचलं. तारीख आधी टाक म्हणाली, टाकली. मग बोट स्क्रीनच्या खालच्या टोकाला नेऊन, जिथे मेल संपत होता आणि पुढे पांढरं होतं तिथे, म्हणाली, ‘आणि नाव?’